वाकडीचं वय

तीसेक वर्षं दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिला घासलं. आधी खरखरीत एमरी पेपर, मग बारीक, मग बफिंगच्या चाकावर हिरवी पेस्ट लावून अशी चकाचक करायचो की तिच्यात बघून भांग पाडावा. आणि माझा स्वभाव असा, की काम चांगलं झालं की ते चार लोकांना दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. टूलरूममध्ये सगळ्यांच्या नाकाखाली ती फिरवून आणायचो. आता आठवलं की कपाळाला हात लावावासा वाटतो.

ती म्हणजे आमच्या आजोबांची सुरी. हातभर लांबीची, सापासारखी वळणं घेत गेलेली, लाकडी मुठीची, म्यानात बसणारी. घरात तिला सगळे 'वाकडी' म्हणत. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा आजोबा फौजेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि जावा बेटावर लष्कराचे ट्रक दुरुस्त करत होते. तिकडून परत दापोडीला आले ते एक पत्र्याची ट्रंक, एक जाड कोट आणि ही वाकडी घेऊन.

आता आमच्या घरात शस्त्रपूजा नाही. आमची विजयादशमी म्हणजे पांढरे कपडे, वंदना आणि नंतर खीर. पण मी ज्या कंपनीत उभा जन्म काढला तिथे खंडेनवमी म्हणजे मोठं प्रकरण. त्या दिवशी पूजेआधी अख्खी टूलरूम धुवायची, मशीन पुसायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरून आणलेली हत्यारं कंपनीच्या चाकावर लावून घ्यायची. कोणी कोयता आणायचं, कोणी विळी, कोणाची बायको सगळ्या सुऱ्या पिशवीत भरून द्यायची. फोरमन त्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे बघायचा. मी म्हणायचो, पूजा तुम्ही करा राव, घासायचं माझ्याकडे. आणि डब्याच्या पिशवीतून वाकडी काढायचो.

वाकडी माझ्याकडे नसायची. ती आत्याकडे, दापोडीच्या खोलीत, त्याच ट्रंकेत. आत्या म्हणजे आजोबांची थोरली मुलगी, माझ्या वडिलांची बहीण. दर वर्षी मी न्यायला गेलो की ती ट्रंकेकडे बोट दाखवून भिंतीकडे तोंड करायची. "गंज लागू देऊ नको. पन माझ्यासमोर उघडू नको," एवढंच म्हणायची. असं का, हे मी कधी विचारलं नाही. मोठ्या माणसाला विचारून शिव्या खाण्यापेक्षा गुपचूप घासलेलं बरं.

परवाच्या उन्हाळ्यात तिनंच सांगितलं. तिची लेक मोशीला नव्या सोसायटीत राहते, तिनं आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं होतं. त्यामुळे दापोडीची खोली रिकामी करायचं काम निघालं आणि मी भांडी बांधायला गेलो होतो. आत्या पलंगावर बसून हुकूम सोडत होती. ट्रंक निघाली तशी ती म्हणाली, "दार लोटून घे. बस हितं."

तिनं सांगितलं ते असं. ती नऊ-दहा वर्षांची असताना नळावरच्या भांडणात एक बाई तिला म्हणाली, तुझ्या बापानं ती सुरी मेलेल्या माणसाच्या कमरेची काढून आणलीय. आत्या रडत घरी आली. त्याच संध्याकाळी आजोबा गल्लीतल्या पोरांना गोळा करून वाकडीची गोष्ट सांगत बसले होते. छावणीजवळ एक लोहार होता, तो रोज तारेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहायचा, त्याला लोखंड पाहिजे होतं. मग आजोबांनी त्याला ट्रकचा एक तुटलेला पाटा दिला, स्प्रिंगची पट्टी. एवढं झालं आणि आत्या सगळ्यांसमोर ओरडली, "खोटं. दादा, तुमी खोटं सांगता. मेलेल्याची काढली तुमी."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? गप झाला. पोरांना घालवलं, सुरी ट्रंकेत टाकली. पुढं तीस वर्सं जगला, पन पुन्हा त्या गोष्टीचा शब्द काढला न्हाई. मीबी इचारलं न्हाई." ती चष्मा पुसत बसली. "आता मी चालले पोरीच्या घरी. मेलेल्याची असली तर नदीत सोडून दे, मला ती तिथं नको. आन दादा खरं बोलला असला तर..." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू एवढा हत्यारातला. किती जुनी हाय, कुठली हाय, काढ हुडकून. तो खरं बोलला का, एवढंच मला पायजे."

आता हे काम म्हणजे माझ्या जिवावरच आलं. अर्ध्या मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून देईन, पण म्हाताऱ्या सुरीचं वय मला काय कळणार? पण आत्याला नाही म्हणायची माझी टाप नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते लागून राहिलं. माझे आजोबा खोटारडे की नाहीत हा प्रश्न माझाही होताच की.

निवृत्तीनंतर मी चिखलीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जातो. आम्ही चाकणच्या एका कंपनीला फिक्स्चर बनवून देतो, म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारा सांगाडा. त्या कंपनीत तेव्हा इंडोनेशियाहून एक इंजिनिअर ट्रेनिंगला आला होता, पस्तिशीचा, हसतमुख. फिक्स्चरची ट्रायल घ्यायला तो आमच्याकडे यायचा. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी मोबाइलवर त्याला वाकडीचा फोटो दाखवला. त्यानं फोन हातातून घेतला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ही आमच्याकडची. हिला आम्ही केरिस म्हणतो. प्रत्यक्ष बघायची आहे.

दुसऱ्या दिवशी मी ती टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून नेली. बायको म्हणाली होती, पोलिसांनी धरलं तर मी ओळख देणार नाही. त्या इंजिनिअरनं आधी साबणानं हात धुतले. म्यान दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं आणि मग सुरी न ओढता म्यानच हळूहळू बाजूला केलं. मला ते फार आवडलं. आम्ही मशीनचा भाग असाच काढतो, धारेला धक्का न लावता.

पातं बाहेर आलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे कोणी केलं?" त्यानं विचारलं.

"मी," मी छाती काढून म्हणालो. "तीस वर्षं. दर वर्षी."

तो पातं उजेडात फिरवत राहिला. मला वाटलं कौतुक करायला शब्द शोधतोय. मग त्यानं मला शांतपणे समजावून सांगितलं आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. केरिसचं पातं चकाकतं नसतं. लोहार दोन प्रकारचं लोखंड एकावर एक ठेवून, घडी घालून ठोकतो, आणि त्याची नक्षी काळ्या-पांढऱ्या रेषांत वर येते. ती नक्षी, तिचा काळपट रंग, त्यावरची झीज बघून जाणकार वय सांगतात. तुम्ही ते सगळं पुसून टाकलंत. मला एकदम आठवलं, पहिल्या वर्षी तिच्यावर काहीतरी डागडाग होते आणि मी ते गंज समजून दोन तास घासून काढले होते. फोरमन शाबास म्हणाला होता.

तो बिचारा मला धीर देत होता. मूठ आणि म्यान मात्र तुम्ही सोडलंत हे चांगलं झालं, म्हणाला. मुठीचं कोरीव काम, तिचा बाक आणि म्यानाचं तोंड बघून त्यानं सांगितलं की हे मध्य जावातलं, त्याच्या आजीच्या गावाकडचं वळण. वळणं मी दहा मोजली होती, त्यानं अकरा मोजली. आमच्याकडे ती विषमच असतात, तुमचं मोजायला चुकलं. चाळीस वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, पण काय करणार, मोजणी त्याचीच बरोबर निघाली.

नक्षी परत आणता येईल का, मी विचारलं. आमच्या टूलरूममध्ये पोलादाचा पोत बघायचा तर आम्ही पॉलिश करून त्यावर पातळ नायट्रिक ॲसिड लावायचो. मी तेच सुचवलं तर त्यानं माझा हातच धरला. लिंबू, म्हणाला. आमच्याकडे लिंबानंच धुतात. पुढे आणखीही काही लावतात, पण ते विष असतं, त्याच्या नादी लागू नका. आधी लिंबू लावून बघा.

त्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात सरबताची सहा लिंबं गेली. मी अर्ध्या लिंबानं पातं चोळत होतो आणि जुन्या टूथब्रशनं घासत होतो. "इतक्या मायेनं कधी माझी पाठ चोळली नाही," बायको म्हणाली आणि वर उरलेली दोन लिंबं उचलून लपवली. अर्ध्या तासात चकाकी गेली, पातं राखाडी झालं. मला वाटलं, उरलंसुरलंही घालवलं की काय. मग नक्षी दिसायला लागली. काळ्यावर बारीक पांढरे ठिपके, लहान-लहान रेषा, ठिपके, मग आणखी ठिपके. बायको लिंबं विसरून जवळ आली. "अगं बाई, तांदूळ सांडल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

मी फोटो पाठवला. इंजिनिअरचा लगेच फोन. त्यांच्याकडे या नक्षीचं नावच सांडलेला तांदूळ असं आहे. आणि काम सुंदर आहे, जुनं आहे, आजोबांच्याही आजोबांच्या काळातलं असेल, असं तो आनंदानं सांगत होता. मी आनंदानं धन्यवाद म्हणालो आणि फोन ठेवून हिशोब करायला बसलो. आजोबा म्हणत होते, पाटा दिला. ट्रकच्या पाट्याची सुरी त्यांच्याच वयाची असणार. ही तर दीडशे वर्षांची. म्हणजे कोणाच्या तरी घरची, बापाकडून मुलाकडे आलेली. अशी वस्तू कोण परक्या फिटरला उचलून देईल?

चार दिवस मी आत्याचा फोन टाळला. पाचव्या दिवशी तिनं बायकोच्या फोनवर केला. "कळलं का?" मी म्हणालो, "ट्रायल चालू आहे." कंपनीत आयुष्यभर हेच उत्तर देत आलो, काम अडलं की ट्रायल चालू असते. "खोटं बोलतोस. तुझा बापबी असाच बोलायचा," ती म्हणाली. "वाईट असलं तरी सांग. मी काय कुकुलं बाळ न्हाई."

त्या दिवशी मला राग आला. कोणावर ते ठाऊक नाही, बहुतेक वाकडीवरच. ती पुन्हा काढून खिडकीपाशी धरली आणि भिंग घेऊन बसलो. आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी तिच्याकडे इन्स्पेक्टरसारखं बघितलं. नक्षी दोन्ही अंगांवर होती. पण धारेला सगळीकडे एक सपाट राखाडी पट्टी होती, तिच्यात ठिपका नाही की रेष नाही. आणि टोकाजवळ, जिथं मी दर वर्षी सगळ्यात जास्त जोर लावायचो, तिथं अंगठ्याच्या नखाएवढा भाग तसाच कोरा होता. मी तिथली कातडी घासून घासून पार काढली होती आणि आतलं काहीतरी उघडं पडलं होतं.

इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, बरोबर, मधे पोलादाचा गाभा असतो. दोन बाजूंना नक्षीचं लोखंड आणि मधे पोलाद, तोच धारेला बाहेर येतो. ब्रेडमधे आम्लेट ठेवतात तसं.

माझा शिफ्टमधला एक जुना मित्र चाकणला धातू तपासायची लॅब चालवतो. त्याच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. धातूला टेकवलं की त्यात काय काय मिसळलंय ते पडद्यावर येतं, ओरखडाही उठत नाही. कारखान्यांत पोलादाची जात ओळखायला वापरतात. मी वाकडी टेबलावर ठेवली तशी तो म्हणाला, "भावा, कोणाला मारून आलास?" मी म्हणालो, तेच शोधायला आलोय.

आधी नक्षीवर टेकवलं. लोखंड, थोडं निकेल. मँगनीज जवळजवळ नाहीच. हातभट्टीवर काढलेलं जुनं लोखंड असंच असतं, मित्र म्हणाला. मग टोकाच्या त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. पडदा थोडा वेळ विचार करत राहिला. आणि मग सिलिकॉन आलं, मँगनीज आलं, चांगलं भरपूर. मित्रानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही आयुष्यभर ही यादी वाचलेली.

"हा तर स्प्रिंगचा पाटा," तो म्हणाला. "ट्रकचा."

मी पुन्हा टेकवायला लावलं. तीनदा तेच. मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि मला चक्क रडू आलं, साठीच्या माणसाला, लॅबमध्ये, कामगारांसमोर. मित्रानं चहा सांगितला. तो स्वभावानं चिकित्सक, म्हणाला, यंत्र तारीख सांगत नाही हं, आणि कोणी दिली हेही सांगत नाही. मी म्हणालो, नको सांगू दे. पण तू मला हे सांग, जुन्या लोखंडाच्या पोटात पाटा दडलाय हे वरून बघून कोणाला कळलं असतं? आपल्याला तरी लिंबाशिवाय आणि यंत्राशिवाय कळलं का? मेलेल्याच्या कमरेची काढणाऱ्याला कुठून कळणार? आजोबांनी ते सत्तर वर्षांपूर्वी गल्लीतल्या पोरांना सांगितलं होतं. चहा पिऊन तो म्हणाला, हे मात्र मान्य.

तिथून थेट दापोडी गाठली. खोलीत आता पलंग, ट्रंक आणि भिंतीवर आजोबांचा फोटो एवढंच उरलं होतं. दुपारची वेळ, आत्या लसूण सोलत बसली होती. मी वाकडी तिच्यासमोर ठेवली आणि या वेळी तिनं भिंतीकडे तोंड केलं नाही. मी सांगितलं. नक्षीचं लोखंड जुनं, गाभा ट्रकच्या पाट्याचा, यंत्रानं तीनदा दाखवला. "आजोबा खरं बोलत होते, आत्या."

तिनं हातातली लसणाची पाकळी सोलून पुरी केली. मग म्हणाली, "नऊ वर्साची होते रे मी."

"माहीत आहे."

"तीस वर्सं त्याच्या ताटात वाढलं. एकदा म्हनाले असते, दादा, मग काय झालं, तर सांगितलं असतं त्यानं." तिनं डोळे पदराला पुसले आणि लसूण बाजूला केला. "गोष्टीत कुठवर आला होता तो?"

"पाटा दिला इथवर."

"मग पुढचं तू सांग. तुला लोखंड वाचता येतं. सांग, मी आता मधी बोलनार न्हाई."

मी काही गोष्टी सांगणारा माणूस नाही. पण वाकडी समोर होती. मी धारेवर बोट ठेवलं आणि जे दिसत होतं तेवढंच सांगितलं. लोहारानं पाटा घरी नेला, लाल करून चपटा केला. नुसत्या त्याचीच सुरी झाली असती, चांगली धारदार. पण त्यानं तसं केलं नाही. त्याच्याकडे जुनं लोखंड होतं, बापजाद्यांच्या कुठल्यातरी मोडक्या पात्याचं असेल, लढाईतही त्यानं ते जपून ठेवलं होतं. ते त्यानं दोन भाग करून आजोबांच्या पाट्याच्या दोन्ही अंगांना लावलं, आणि तिन्ही एक होईपर्यंत ठोकलं. हे एका दिवसाचं काम नाही. मग वळणं दिली, एकेक तापवून, अकरा. मूठ बसवली. आणि ती घेऊन तो पुन्हा तारेपाशी येऊन उभा राहिला. आजोबांना पोटातला पाटा माहीत होता, म्हणजे त्यानं तो दाखवून दिला असणार.

आत्या खरंच मधे बोलली नाही. तिनं पहिल्यांदाच वाकडी हातात घेतली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं, नाकाशी नेऊन लिंबाचा वास घेतला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. एवढंच."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. फोटोपुढं जाऊन उभी राहिली.

"ऐकलं दादा," ती म्हणाली. "समदं ऐकलं."

मग तिनं मला फोटो उतरवायला सांगितला, आणि वाकडी माझ्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही मोशीला न्यायच्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवली.